ओढ्यापलीकडची तीन घरं

टिल्डेन काउंटीच्या कोर्टहाउसात व्हर्ना स्ट्राउडने सव्वीस वर्षं कारकुनी केली, पण सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. काउंटीचा कारभार बघणारे तिघे कमिशनर बोलायचे, मतं द्यायचे. ती लिहून घ्यायची.

त्या सोमवारी ओढ्याचा विषय निघाला. एप्रिलच्या पुरात लाकडी पूल वाहून गेला होता आणि पलीकडे घरं होती तीनच. तो रस्ता काउंटीच्या नकाशातून काढून टाकावा, असा ठराव अध्यक्ष ड्वेन होल्टने मांडला.

"तीन घरांसाठी पूल? उद्या म्हणाल, कोल्ह्यांसाठीही बांधा!"

त्या तीनपैकी एका घरातली इर्मा केसलर मागच्या बाकावर बसली होती. वय ऐंशी. "ड्वेन, त्याच ओढ्यात मी तुला पोहायला शिकवलं. बुडू द्यायला हवं होतं तेव्हाच!"

सगळे हसले. ड्वेनचे कान लाल झाले, पण तो हटेना. "मत घेऊ या. लिही, व्हर्ना."

व्हर्नाचं पेन हललं नाही. ती म्हणाली, "लिहिते. पण पूल पडल्यावर तिथं कोण जाऊन आलंय, तेही लिहू का?"

मग लाइल बेकर हा तरुण कमिशनर उठला. "पिकअप माझी. चला, आत्ताच बघून येऊ."

सरळ रस्त्याने ओढा अकरा मिनिटांवर होता. पलीकडे इर्माची दोरीवरची धुणी दिसत होती, कुत्रं भुंकताना ऐकू येत होतं. पण तिथं पोचायला खडीच्या रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागला. ड्वेन सारखा घड्याळ बघत होता. पाऊण तास गेला.

इर्माच्या शेजारच्या घरातली केला नावाची तरुणी दारात उभी होती, पोटावर हात ठेवून.

"कधीची तारीख आहे?" ड्वेनने विचारलं.

"ऑगस्टची. पहिलंच आहे."

ड्वेन एकटाच ओढ्याच्या काठी गेला आणि नजरेने पलीकडच्या काठापर्यंतचं अंतर मोजलं. परत आला तेव्हा आवाज उतरला होता.

"माझ्या शेडमागे रेल्वेचा जुना सपाट डबा पडलाय. ना भिंती, ना छप्पर, चाकंही काढलेली. इथं आडवा टाकला तर पूल म्हणून पुरेल."

"आणि ठराव?" लाइलने डोळा मिचकावला.

"मागे घेतो. आता जास्त बोलू नकोस."

जुलैअखेर क्रेनने तो डबा दोन्ही काठांवरच्या काँक्रीटवर बसवला. पहिली गाडी इर्माची. मधोमध तिने करकचून ब्रेक मारला, काच खाली केली आणि ओरडली, "ड्वेन, तुझा ट्रक बाजूला घे! लोकांना रस्ता लागतो!"

काठावर गर्दीत उभ्या व्हर्नाच्या हातात केलाने ‘रुबार्ब पाय’ या आंबटगोड भाजलेल्या पक्वान्नाचा मोठा तुकडा ठेवला. बोटं चिकट झाली, रस मनगटापर्यंत ओघळला, आणि व्हर्ना मनमुराद खात राहिली.