श्रावणचं ताट

“परवा आमच्या घरी तुमाले पितर बसा लागते,” श्रावणचा धाकटा भाऊ देवमन दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला. “श्रावणची तिथ हाय. वहिनीनं तुमचंच नाव घेतलं.”

मोतीराम एका जळक्या मोटारीची तार सोडवत बसला होता. त्याने मानही वर केली नाही. पितृपक्षाचे आठ दिवस झाले होते आणि तेवढ्यात तो गावातल्या सात मेलेल्या माणसांच्या जागी बसून जेवला होता. वलगावात ही रीतच होती. मेलेल्याच्या ओळखीतला, जमलं तर त्याच्या वयाच्या जवळपासचा माणूस पाटावर बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, टिळा लावायचा आणि मेलेलाच घरी जेवायला आला असं समजून वाढायचं. पितरानं बोलायचं नाही. त्याने मागून घेतलं तर आत्मा खूश, हात आखडला तर जीव कशात तरी अडकलेला. त्यामुळे पोट फुटायला आलं तरी मोतीरामची सुटका नव्हती. किसनरावांच्या सुनेनं तर भर जेवणात विचारलं होतं, “मामाजी, अडकित्ता कुठी ठेवला व्हय?” म्हाताऱ्याचा अडकित्ता मोतीरामला काय ठाऊक! इकडे चार गावांच्या मोटारी खोळंबलेल्या, वीज सहा तास, तीही तिच्या मर्जीने यायची, आणि हा बिचारा मेलेल्यांची पोटं भरत हिंडतोय.

“दुसरा कोनी पाह्य,” तो म्हणाला.

“मागच्या साली बी तुमी हेच म्हनलं. वहिनी यंदा आयकत नाई.”

देवमन गेला. मोतीरामने पकड भिंतीवर फेकली.

श्रावण त्याच्या वर्गातला. दोन हिवाळ्यांमागे श्रावणच्या विहिरीवरचा स्टार्टर मोतीरामनेच दुरुस्त केला होता. टेप संपला होता. म्हणून त्याने उघड्या तारेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि “उद्या येतो टेप घेऊन” असं सांगून निघाला. तो उद्या आठ दिवस उगवला नाही. नवव्या दिवशी सकाळी श्रावण स्टार्टरच्या डब्याला हात लावून जागच्या जागी गेला. सगळे त्याला घेऊन गावाकडे गेल्यावर मोतीरामने डबा उघडला. ट्यूब सरकली होती, तार पत्र्याला टेकली होती. त्याने तो तुकडा खिशात घातला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सांगायची गरजही पडली नाही. त्या वर्षांत गावोगाव शेतकरी जीव देत होते. शेतात माणूस मेला की लोक कारण विचारतच नसत. श्रावणनं स्वतःहून हात लावला, असं गावानं ठरवून टाकलं. त्यात त्या सकाळी त्याची बायको पार्वता त्याला घालून पाडून बोलली होती आणि ते शेजारपाजारच्यांनी ऐकलं होतं. बाईच्या बोलण्यानं गेला, असं लोक तिच्या पाठीमागे म्हणत. पुढे पुढे तीही तसंच समजू लागली.

परवाचा दिवस आला आणि मोतीराम गेला. तिसऱ्यांदा नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं.

पार्वताने त्याचे पाय धुतले. तिच्या मुलीने, आकांक्षाने, टिळा लावला. वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी, सगळं ताटात आलं. मोतीराम मान खाली घालून भराभर जेवू लागला. लवकर उरकून निघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“एक इचाराचं हाय तुमाले,” पार्वता पाटासमोर बसत म्हणाली. तिची नजर त्याच्या कपाळावरच्या टिळ्यावर होती. “त्या दिवशी मी बोलली म्हणून गेले का तुमी? सोताहून हात लावला का? नसन लावला तं आणखी एक वडा मागून घ्या.”

मोतीरामच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. एका वड्यात काम होत होतं. तिला उत्तर मिळत होतं आणि त्याला तोंड उघडावं लागत नव्हतं. त्याने वड्यांच्या परातीकडे बोट केलं.

तिने वडा वाढला. मग तोंडाला पदर लावून ती रडू लागली. “आई, बाबानं वडा मांगतला,” आकांक्षा म्हणाली.

देवमन दारात उभा होता. त्याच्या पोटात काही पाप नव्हतं, पण जीभ सैल. “वहिनी, वड्याचं काय घिऊन बसल्या? त्या दिवशी किसनरावच्या घरी मोतीराम भाऊनं सहा खाल्ले.”

पार्वताचं रडणं थांबलं. तिने पदर खाली घेतला.

“हाव, ते बी खरंच,” ती म्हणाली आणि रोजच्या आवाजात तिने विचारलं, “कढी वाढू का?”

मोतीरामला देवमनचा राग आला, वड्यांचा आला, या रीतीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. तोंडातला घास गिळून तो बोलला.

“वहिनी, तुमच्या बोलण्यानं नाई गेला तो.”

“बोलू नोका जी, पितर हाय तुमी,” देवमन पुढे आला.

“चूप राय. मी मोतीराम म्हणून बोलून राह्यलो.” आणि त्याने सगळं सांगितलं. टेप, ट्यूब, आठ दिवस, खिशातला तुकडा. “रोजच्यासारखी मोटर चालू कराले गेला तो. माह्या कामानं मेला.”

पार्वता त्याच्याकडे बघत राहिली. आता ती टिळ्याकडे नाही, त्याच्या डोळ्यांत बघत होती.

“तवा काहून नाई सांगतलं?”

“भेलो.”

“दोन सालं मी झोपली नाई, मोतीराम भाऊ.” तिचा आवाज चढला नाही. “उठा तुमी.”

“वहिनी, पितराले अर्ध्या जेवणातून उठवत नाईत,” देवमन म्हणाला.

“हे पितर नाईत.”

मोतीराम उठला. तिने त्याचं ताट उचलून बाजूला ठेवलं, पाट पदराने पुसला, दुसरं ताट घेतलं आणि पहिल्यापासून सगळं वाढलं. ते रिकाम्या पाटासमोर ठेवून ती जवळ बसली.

“आकांक्षा पाचवीत गेली,” तिने पाटाकडे बघून सांगितलं. “गणितात हुशार हाय, तुमच्यावानी.” आणि मग ती एकेक सांगत गेली, दोन वर्षांचं.

अंगणात मोतीराम खरकटा हात पुढे धरून उभा होता. घरात हात धुवायला पाणी मागायची त्याची हिंमत होईना. खीर बोटांवर वाळत चालली होती.