पकड कापून बसवलेलं इंजिन

शिसारी आली, दुसरा शब्द नाही. गॅरेजचं दार ढकललं तर समोर एगिल्स काळ्या ब्रेडवर सॉसेज ठेवून खात उभा होता. त्याच हाताने मध्येच इंजिनाचं तेल पुसत होता आणि परत बोटं चाटत होता. शाळेपासूनचा मित्र आहे म्हणून काय झालं, माणूस घाण तो घाणच. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण त्याच्या मागे आमच्या गाडीची फ्रेम उभी होती आणि तिच्यावरची माझी पकड जागेवर नव्हती. ग्राइंडरने सपाट उडवली होती. दोन ठुटं उरली होती, त्यांना रंग फासायचीही तसदी त्याने घेतली नव्हती.

आमची शर्यतीची गाडी तीन चाकांची. एक मोटरसायकल आणि तिच्या उजव्या अंगाला जोडलेला एक उघडा पाट. एगिल्स चालवतो, मी पाटावरून लोंबकळतो. बसायला जागा नाही, पट्टा नाही. उजवं वळण आलं की ढुंगण वाळूला घासेपर्यंत उजवीकडे बाहेर झुकायचं. डावं आलं की एगिल्सच्या पाठीमागून मागच्या चाकावर आडवं पडायचं. जरा उशीर झाला की गाडी उलटलीच. डोळ्यांनी शोधत बसायला वेळ नसतो, धरायचा बार हाताला आपोआप लागावा लागतो. त्या बाराला आम्ही पकड म्हणतो. लाटवियात जिथे जिथे या गाड्या पळवतात तिथे सगळीकडे एकच रीत आहे, इंजिन चालवणाऱ्याचं आणि पकडी लोंबकळणाऱ्याच्या. लोंबकळणारा बूट काढून, नुसत्या मोज्यांवर, रिकाम्या फ्रेमवर आडवा होतो, डोळे मिटतो, हात जिथे पडेल तिथे खडूने खूण करतो आणि तिथेच वेल्डिंग होतं. त्याला विचारल्याशिवाय त्या पकडीला कुणी हात लावत नाही. बायकोचा टूथब्रश शेजाऱ्याने वापरावा, तसलं ते किळसवाणं काम.

आणि हा बाबा सॉसेज चघळत मला सांगतो की नवीन इंजिन मावत नव्हतं.

जुनं इंजिन वसंतातल्या शर्यतीत फुटलं हे खरं. त्याच्या जागी एगिल्सने रस्त्यावर पळणाऱ्या कुठल्यातरी आपटलेल्या मोटरसायकलचं इंजिन आणलं होतं. दांडगं धूड. डोकं उंच, वजन भलतंच, आणि धुराचा पाइप नेमका उजवीकडे निघणारा, म्हणजे माझ्या बाजूला. माझी पकड उडवून तिथूनच त्याने तो पाइप मागे नेला होता आणि चटका बसू नये म्हणून त्याला कसलंसं कापड गुंडाळलं होतं. बदली म्हणून जरा खाली, जरा पुढे, कपाटाला असते तसली एक कडी चिकटवली होती. गाडी पळवून बघितली का, विचारलं. म्हणाला, बघितली की. पाटावर बटाट्यांची दोन पोती बांधून वाळूच्या खाणीला चक्कर मारून आलो. पोती पडली नाहीत.

मी बूट काढून आडवा झालो. डोळे मिटून डाव्या वळणाला अंग टाकलं, तर डावा हात हवेत. कडी माझ्या बोटांच्या पार पलीकडे. आणि गुडघा जाऊन टेकला तो थेट पाइपावर. मी उठलो आणि त्याला नीट, थंडपणे सांगितलं की पाइप डावीकडून काढ, आठवड्याचं काम आहे, मी मदतीला येतो. तर म्हणे त्याने ताकद कमी होते. रविवारी शर्यत आहे. या इंजिनावर आपण पहिले येऊ शकतो, जन्मात एकदाही आलो नाही. आणि मग हातातलं सॉसेज माझ्याकडे रोखून तो म्हणाला, "तुझं वय झालंय आइगार्स, ते कबूल कर ना. पाइपाला कशाला नावं ठेवतोस?"

"मी यावर चढत नाही," मी म्हटलं.

त्याने खांदे उडवले. गयावया नाही, भांडण नाही. मला वाटलं, दोन दिवसांत थोबाड घेऊन येईल दारात. आला नाही.

आली ती माझी पोरगी. शनिवारी दुपारी मी शेपू घालून बटाटे उकडत होतो, तर दाग्निया मागच्या दाराने आत शिरली. डोक्यापासून पायापर्यंत वाळू, हात काळे आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. तेवीस वर्षांची आहे, लाकडाच्या गिरणीत फळ्या उचलते, मनगटं माझ्यापेक्षा जाड. मागच्या वर्षी शेजारच्या गावच्या एका मंद माणसाच्या गाडीवर लोंबकळून तिने परवाना काढला होता, तेही माझ्याशी दोन महिने अबोला धरून. मी कधीच तिला हो म्हटलं नव्हतं. या खेळात माझं गळ्याचं हाड मोडलंय, तीन बरगड्या मोडल्यात, हे घराला काय कमी आहे का?

तिने सांगितलं की उद्या एगिल्सच्या गाडीवर तीच आहे. मी काही बोलायच्या आत मला वास आला. जळक्या प्लास्टिकचा. तिच्या पँटचा डावा गुडघा वितळून चिकटला होता. तो वास आणि ते हसू, दोन्ही एकाच पोरीचं. बटाटे तसेच टाकून मी एगिल्सच्या गॅरेजवर गेलो, दाग्निया मागून धावत.

त्याला काय काय म्हणालो ते सगळं सांगत नाही. डुक्कर म्हटलं, एवढं पुरे. स्वतःच्या पहिल्या नंबरासाठी दुसऱ्याची पोर भाजायला काढलीस, म्हटलं. ज्याला पकड कुठे लावायची कळत नाही त्याने पोतीच घेऊन फिरावं, हेही म्हटलं. एगिल्स खाली बघून नट घट्ट करत बसला, आणि त्याचं ते खाली बघणं मला शिव्यांपेक्षा जास्त डाचलं.

मग दाग्नियाने बूट काढले. मोज्यांवर पाटावर चढली, डोळे मिटले आणि डाव्या वळणाला अंग टाकलं. तिचा हात कडीवर असा पडला की एक बोटही सरकवावं लागलं नाही.

मला समजायला जरा वेळ लागला. एवढी बरोबर कडी चुकून लागत नाही.

"खूण मीच केली, बाबा," ती आडव्यानेच म्हणाली. "तुझी पकड कापायच्या आधी."

म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. इंजिन जड, त्याला हलका माणूस हवा. नव्वद किलोचा आइगार्स नको, साठ किलोची पोर हवी. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून कडी अशी लावली की मीच नाही म्हणावं. बटाट्यांची पोती, पाइप, वय, सगळी नाटकं. आणि माझ्या घरात, माझ्या टेबलावर ताक पीत बसणाऱ्या पोरीला हे सगळं ठाऊक होतं. तिला विचारलं की मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तू नाहीच म्हणाला असतास. मी म्हटलं, गुडघ्याचं काय? तर म्हणे एगिल्सकाकाला सांगितलंय, तो कापडाचा अजून एक वेढा देणार आहे. अजून एक वेढा! त्या गाढवाला सगळं दुखणं चिंधीनेच बांधायचं असतं.

रीतीप्रमाणे माझं तोंड तिथेच बंद झालं होतं. पकडी लोंबकळणाऱ्याच्या, आणि लोंबकळणारी आता ती. संध्याकाळी नेहमीसारखे सगळे वाफेच्या न्हाणीत जमले. तिथे वाकडं बोलायचं नसतं, म्हणून मी वरच्या फळीवर दात आवळून बसलो. एगिल्स बर्च झाडाच्या डहाळ्या घेऊन, घाम काढायला दर शनिवारी झोडपतो तशी माझी पाठ झोडपायला आला. त्याचा तो ओला, पांढरा, थुलथुलीत हात अंगाला लागेल या विचारानेच मी उठलो आणि बाहेर जाऊन थंड पाणी ओतून घेतलं.

रविवारी वाळूच्या खाणीत तपासणीची रांग लागली. तपासणारी स्काइद्रिते, पूर्वी सामुदायिक शेतावर ट्रॅक्टर दुरुस्त करायची. साठी उलटलीय, पण तिच्या नजरेतून सैल नट सुटत नाही. तिने चाकं हलवून बघितली, ब्रेक दाबले, दाग्नियाला आडवं व्हायला लावलं. हात कडीवर चपखल पडला. पाइपावरून हात फिरवला. इंजिन थंड, कापड नवंकोरं, वेढे एकसारखे. तिला काही गैर दिसलं नाही, दिसणारच नव्हतं. मी दोरीच्या पलीकडे उभा होतो. मी इथे का, गाडीवर का नाही, असा प्रश्न तिच्या तोंडावर होता, पण तो तिने विचारला नाही.

"आइगार्स," ती म्हणाली, "या फ्रेमवर तुझ्याइतकं कुणी लोंबकळलेलं नाही. सोडू का यांना?"

आजूबाजूचे सगळे ऐकत होते. तपासणीत आपल्याच गाडीविरुद्ध बोलणारा माणूस मी तरी आजवर बघितलेला नाही. एगिल्सने माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हटल्यापासून पहिल्यांदाच सरळ. दाग्निया बघत नव्हती. हेल्मेटचा पट्टा लावत होती, कारण मी हो म्हणणार हे तिने धरूनच टाकलं होतं.

"इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालू ठेव, आणि मग त्या कापडावर हात ठेव," मी म्हटलं.

स्काइद्रितेने सुरू करायला लावलं. त्या धुडाने खाण दणाणून सोडली, आणि मान्य करतो, आवाज देखणा होता. थोड्या वेळाने कापडातून पांढरा धूर निघाला. तिने हातमोजा टेकवला, लगेच उचलला, आणि गाडीवरचा शर्यतीचा नंबर सोलून काढला. पाइप दुसरीकडून आणा, मग या, एवढंच म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली. एगिल्स माझ्या पायाजवळ थुंकला. थुंकू दे. त्याची थुंकी त्याला लखलाभ.

दाग्नियाने हेल्मेट काढलं आणि जमिनीवर बसून डावा बूट उतरवला. चामड्याची विजार वर ओढली, तेव्हा मला तो फोड दिसला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, अंड्याएवढा, पिवळा, कडेने फाटलेला. शनिवारी घरी दाखवला नव्हता.

"तुझंच बरोबर होतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "पाइप वाईटच आहे. पण तू पाइपासाठी बोलला नाहीस, बाबा. तुझी जागा मी घेतली म्हणून बोललास."

मी तोंड उघडलं. काहीतरी सणसणीत बोलायचं होतं, या दोघांच्या इतक्या दिवसांच्या लपवाछपवीबद्दल, त्या डुकराबद्दल. पण तिचा तो गुडघा समोर होता.

"औषध लावतो, इकडे ये," एवढंच म्हटलं.

तिने विजार खाली ओढली, बूट चढवला आणि लंगडत एगिल्सकडे गेली. वाळूत ती गाडी एकट्याला ढकलवत नाही. दोघांनी खांदे लावले आणि मागे न बघता तिला ट्रेलरकडे नेलं.