गव्हाणचा नंबर शेवटी

पनवेलच्या आसपास गोवराची साथ पसरली तेव्हा लस पुरेशी होती, पण टोचायला पथकं तीनच. आधी कुठल्या गावात जायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी संगणकात खोटी साथ सोडायचे. गावं, घरं, तान्ही मुलं, बाजाराला जाणारी माणसं, सगळं आकड्यांत घालायचं आणि ताप कसा पसरतो ते हजार वेळा बघायचं. या कामावर माझा भारी विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर तोराही होता.

यादी निघाली. गव्हाण शेवटी, अठराव्या दिवशी. नोंदीप्रमाणे तिथं वर्षाच्या आतली मुलं जेमतेम अकरा होती.

त्याच दुपारी गव्हाणच्या आशा सेविका भामाताई यांचा फोन आला. "मॅडम, आमच्या गावात तान्ही पोरं चाळीसच्या वर हायत. तुमचा कंप्युटर काय बोलतो ते मला ठावं नाय. मी घरोघरी फिरते."

"भामाताई, प्रत्येकाला आपलंच गाव पहिलं वाटतं," मी म्हणाले. "यादी अशी फोनवर बदलत नाही." फोन ठेवून मी शेजारच्या टेबलावरच्या कुंदनकडे बघून हसलेसुद्धा. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सोळाव्या दिवशी गव्हाणच्या रियाची सात महिन्यांची मुलगी गोवरानं गेली.

भामाताई तिचं लसीचं कार्ड घेऊन ऑफिसात आल्या. ओरडल्या नाहीत. कार्ड फक्त माझ्यापुढं ठेवलं. त्यावर गाव होतं बेलपाडा, रियाचं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद तिथली, कार्ड तिथलं. तीन महिन्यांनी पोर सासरी आली, आकडा मात्र बेलपाड्यातच राहिला. गव्हाणला गेली दोन वर्षं मुलग्यांचीच लग्नं जास्त झाली होती, आणि त्या सगळ्या सुनांची मुलं माझ्या यादीत दुसऱ्याच गावांत राहत होती. बेलपाड्याला आमचं पथक मोहिमेच्या दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. घर सापडलं, पोर सापडली नाही. पथकानं 'गैरहजर' लिहिलं आणि ते पुढं गेलं.

दुसऱ्या दिवशी पथकाबरोबर मीही गव्हाणला गेले. रिया ओटीवर बसली होती. शेजारणी आपापली पोरं कडेवर घेऊन लसीला चालल्या होत्या, आणि ती एकेकीकडे बघत होती.

"मी माहेरी गेली म्हणून झालं का हो, मॅडम?" तिनं विचारलं. "हितंच बाळंत झाली असती तर?"

मी तिच्याजवळ ओटीवर टेकले. "नाही गं. तुझं काही चुकलं नाही. चूक माझी आहे."

"तुमची कशी?" ती म्हणाली. उलट माझीच समजूत घालत होती. "तुमी शिकलेली मानसं. आमची रीत तुमाला कुठून ठावं असनार?"

माझी स्वतःची मुलगी माझ्या माहेरी जन्मली. तिच्या कार्डावर अजूनही माझ्या आईच्या गावाचं नाव आहे. हे रियाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.