उमाळा

कुमुदिनीबाईंनी लेकीला तोंडावर कधी शाबासकी दिली असेल तर शपथ! आपल्या लेकराला आपणच नावाजलं की दृष्ट लागते, हा त्यांचा कायदा. वैदेही बोर्डात आली तेव्हाही "बरं झालं" एवढंच. आणि या पोरीनं एम.ए.च्या प्रबंधाला शब्द निवडला तो कोणता, तर 'क्वेल्न'! लेकराच्या अभिमानानं आईबापांचा ऊर भरून येतो, त्याला यिद्दिशमध्ये म्हणतात क्वेल्न.

चार आठवड्यांसाठी आलेली आई लॉकडाऊननं हॉलंडात, लेकीच्या झूटरमेर गावातच अडकली. मग काय, संध्याकाळच्या फिरण्यात वैदेहीचं एकच पुराण. जुन्या जर्मनमध्ये हा शब्द पाण्याचा होता, जमिनीतून उसळून येणाऱ्या पाण्याचा. डच लोक बांधाखालून वर येणाऱ्या पाण्याला अजून 'क्वेल' म्हणतात.

आईनं चरातल्या बुडबुड्यांकडे बघितलं. "उमाळा म्हण की सरळ! विहिरीलाही फुटतो, माणसालाही."

वैदेही सायकलींच्या रस्त्यातच नाचली. शेवटचं प्रकरण तिनं त्या उमाळ्यावर लिहून काढलं. आईनं विचारलं, "झालं का? बरं झालं."

आज तरी आई काही बोलेल, एवढी एकच आस धरून ती प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला लॅपटॉपसमोर बसली. आणि दहापैकी नऊ! इथले मास्तर आठापुढे जाताना हात आखडतात, तिथे नऊ! टुणकन उडी मारून ती वळली, तर आई गायब.

आई मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन आली. "बस खाली."

वैदेहीचं तोंड एवढंसं झालं. तवा तापलेला बघून तिनं धुराचा अलार्म वाजायला नको म्हणून चिमणी फुल्ल केली आणि मुकाट बसली.

"आल्यागेल्याची, घरादाराची, त्या लॅपटॉपमधल्या गोऱ्यांची..." आईनं उतरवलं आणि मूठ तव्यावर टाकली. मिरच्या काळ्या पडल्या. खाट नाही, ठसका नाही! आईचे डोळे विस्फारले.

"अगं बाई! केवढी दृष्ट लागली होती! लागणारच! इतकी हुशार पोर आहे कुणाकडे? दाखवा म्हणावं मला एक तरी! माझी वैदू म्हणजे..." आईच्या गालांवरून पाणी नुसतं वाहत होतं.

डोक्यावर चिमणी घोंघावत होती. सगळा धूर तिनंच ओढून नेला, हे वैदेहीला पक्कं ठाऊक होतं. तिनं डोळे पुसले.

"आई, अजून एकदा उतरव ना गं."