विक्कीच्या गाडीचे टायर मी निवडले

विक्कीची लाल स्पोर्ट्स कार सध्या आमच्या दारासमोर उभी असते आणि माझे बाबा रोज संध्याकाळी तिच्यात बसून उमरेडला जाऊन येतात. गाडी जागची हलत नाही.

हे वाक्य चुकून आधी आलं. असं काही झालेलं नाही. आपण शहाण्या माणसांसारखं सुरुवातीपासून सुरू करू.

विक्की आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतो, प्रताप नगरातच. दहावीपर्यंत तो माझ्या वह्या उतरवून पास झाला. मग तो प्लॉटच्या धंद्यात पडला आणि मी शिकत राहिलो. त्यामुळे आज मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून लोकांच्या पार्किंगचे नकाशे काढतो आणि विक्कीला पार्किंग लागतं.

गाडी त्याने सावनेरहून आणली. कोळशाच्या एका ठेकेदाराच्या पोराने हौसेने घेतली होती, हौस फिटल्यावर विकली. दोन दारं, दोन सीटा, आणि एसी लावला की पहिल्यांदा थोडा कोळसा येतो, मग हवा येते. गाडी घेऊन विक्की पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा मला जलन वगैरे काही झाली नाही. फक्त छातीत आग झाली. आईने इनो दिलं. इनोने ती आग विझली नाही, म्हणजे ती ॲसिडिटी नव्हती, एवढंच निदान झालं.

पण गाडीचं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते बाबांचं. माझे बाबा, आनंदराव, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. घरात ते बोलत नाहीत, सूचना देतात. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेपर खाली केला होता, आणि पुन्हा वर घेतला होता. त्याच माणसाने विक्कीची गाडी पाहिली आणि चप्पल न घालता रस्त्यावर गेला.

"वा बाप्पा! कोणाची गा ही?"

"आपलीच समजा काका," विक्की म्हणाला. "बसा नं."

बाबा बसले. चक्कर मारून आले. उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी जन्मात न पाहिलेली एक गोष्ट होती. नंतर आईने सांगितलं, त्याला हसू म्हणतात. लग्नाच्या अल्बममध्ये तिने दाखवलंही.

"पोरगं पाहा," बाबा मला म्हणाले. "तुह्याच वर्गातलं हाय."

त्या दिवसापासून विक्की रोज यायला लागला आणि बाबा रोज दाढी करायला लागले.

आता टायरचं सांगतो. गाडीचे चारही टायर पार टकलू झाले होते. विक्कीची सगळी रक्कम गाडीत गेली होती, त्यामुळे त्याला टायर पाहिजे होते स्पोर्ट्स कारचे आणि परवडायला पाहिजे होते ऑटोरिक्षाच्या हिशेबात. तो माझ्याकडे आला. कारण आख्ख्या प्रताप नगरात टायरचं मला जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत नाही. माझ्याकडे आईची जुनी स्कूटी आहे, पण डोक्यात मी गेली कित्येक वर्षं रेसिंगचे व्हिडिओ भरतो आहे. लोकांना क्रिकेटचे स्कोर पाठ असतात, मला टायरचे.

"आयुष, तूच निवड गा," विक्की म्हणाला. "मले तर सगळे टायर काळेच दिसते."

आम्ही रिंग रोडला मारोतरावांच्या दुकानात गेलो. मारोतरावांनी एकेक टायर लोळवत आणला आणि मी परीक्षकासारखा नाकारत गेलो. पहिला एकदम नरम होता. पकड जबरदस्त, पण असे टायर रेसच्या ट्रॅकसाठी. नागपूरच्या मे महिन्यात ते डांबराला राखी बांधून बसले असते. दुसरा स्वस्त होता, पण मी बाजूवरचा शिक्का वाचला. त्यात टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला ते असतं. हा टायर बनला तेव्हा विक्की माझ्या वह्या उतरवत होता. तिसरा दिसायला छान, पण खाचा इतक्या उथळ की पावसात गाडी रस्त्यावरून नाही, पाण्यावरून गेली असती.

चौथा बरोबर होता. पकड चांगली, रबर ना नरम ना दगड, ताजा माल, किंमत विक्कीच्या आवाक्यातली. अंगावर लिहिलं होतं २२५/४५. यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. आकडा जितका मोठा तितकी टायरची बाजू उंच आणि गाडी जमिनीपासून वर. विक्कीच्या गाडीला पंचेचाळीसच होते.

"हा घ्या," असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात विक्कीचा फोन वाजला.

"हां काका. हो हो, आयुषसंगच हावो. संध्याकाळी येतो नं. भजे? कांद्याचे? बरं काका."

बाबांनी विक्कीला फोन करून भजी करतो म्हणून सांगितलं होतं. माझ्या वाढदिवसाला बाबा मला "बरं" म्हणतात.

मी तोंड बंद केलं आणि कोपऱ्यात पाहिलं. तिथे धुळीत चार टायर पडले होते. २२५/३५.

"ते कोणाचे?"

"ते होय?" मारोतरावांचा चेहरा फुलला. "एका पोट्ट्यानं मागवले होते, न्यायलेच नाई आला. स्वस्तात देतो. फक्त वापस घेणार नाई, आधीच सांगतो."

आता इथे माझ्या गल्लीचा भूगोल सांगायला लागेल. गल्लीला दोन तोंडं आहेत. एका तोंडाशी नवा सिमेंट रोड झाला. तो आमच्या गल्लीपेक्षा गुडघाभर उंच आहे. उतार मागून करून देतो असं सांगून ठेकेदार जो गेला तो गेला. दुसऱ्या तोंडाशी गतिरोधक आहे. तो सरकारी नाही. रोडच्या कामातलं सिमेंट उरलं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून बाबांनी स्वतः उभं राहून बनवून घेतला. पाटबंधारे खात्याचा माणूस, त्यामुळे त्याला गतिरोधक कमी आणि धरण जास्त म्हणावं लागेल. विक्कीची गाडी त्यावरून जायची तेव्हा खालून सर्रकन घासायची. मी नकाशे काढणारा माणूस. मी एकदा वाकून पाहिलं होतं. गाडीचं पोट आणि बाबांचं धरण यांच्यामध्ये बोटभर मामला होता. पस्तीसचे टायर लावले की ते बोट जाणार होतं, आणि गाडी आमच्या गल्लीत पुन्हा कधी येऊ शकणार नव्हती.

"विक्की," मी म्हणालो, "पस्तीसचे घे. गाडी खाली बसते, वळणावर चिकटून राहते. लुक पाहा लुक."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला त्याचा अभिमान आहे.

"घेऊन टाक मंग!" विक्की म्हणाला. "तू म्हनतं तर बरोबरच असन."

टायर दुसऱ्या दिवशी दुकानातच बसवायचं ठरलं. दुपारी मी ऑफिसातून आलो तर विक्कीची गाडी आमच्या दारासमोर जॅकवर चढलेली. चारही चाकं निघालेली. मारोतरावांचं पिकअप, त्यावर मशीन, हवा भरायचा पंप, आणि खुर्चीवर बाबा.

"इथं काहून?" मी ओरडलोच.

"दुकानासमोर रोड खोदला न बाप्पा सकाळी," मारोतराव म्हणाले. "पाइपलाइन टाकून राहिले. गाडी चढतच नाई. म्हटलं घरीच बसवून देतो."

"मग विक्कीच्या गल्लीत बसवा!"

"तिथं ऊन हाय," बाबा म्हणाले. "इथं कडुनिंबाची सावली हाय, चहा हाय. तुले काय त्रास होऊन राहिला?"

मला काय त्रास होऊन राहिला होता हे सांगता येण्यासारखं नव्हतं. गाडी बाहेर असताना टायर बदलले तर ती आत येणार नाही, हे माझं गणित होतं. गाडी आत असताना बदलले तर काय, हा उपप्रश्न मी सोडवला नव्हता.

"पंचेचाळीसचे पण चांगले होते," मी म्हणालो. "अजून विचार करू."

"अबे, तूच तर म्हटलं," विक्की म्हणाला. मग बाबांकडे वळून, "काका, टायर आयुषनंच निवडले. लय कळते त्याले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. मी श्वास रोखून उभा राहिलो. माझ्या एकूण आयुष्यात मी ज्या क्षणासाठी थांबलो होतो तो हाच असावा.

"विक्कीनं तुह्यं ऐकलं," बाबा म्हणाले. "मन मोठं लागते पोराचं."

टायर बसले. आई हळदकुंकू घेऊन आली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चारही टायरखाली लिंबं ठेवली. आईच्या स्कूटीला आजवर कोणी लिंबाची फाकही दाखवली नव्हती. विक्कीने गाडी सुरू केली, लिंबं फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी झोकात निघाली आणि धरणावर पोट टेकून थांबली.

पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे, मध्ये गाडी सी-सॉसारखी डुलते आहे. गल्लीतले सगळे धावले. कोणी फळ्या आणल्या, कोणी विटा. एकजण म्हणाला उचलून घेऊ, दुसरा म्हणाला बॉनेटवर बसा म्हणजे पुढे कलेल. शेवटी ढकलून मागे घेतली. मग सिमेंट रोडच्या तोंडाशी नेली. तिथे गाडीने रस्त्याकडे पाहिलं, रस्त्याने गाडीकडे पाहिलं, आणि सगळे परत आले.

"जुने टायर लावून काढून घेऊ," मी म्हणालो. आता मला खरोखर मदत करायची होती.

"जुने?" बाबा म्हणाले. "ते कापले मी. कुंड्या होतात छान."

मागच्या अंगणात आठ अर्धगोल कुंड्यांमध्ये सदाफुली लागलेली होती. ज्या वेगाने त्यांनी त्या कुंड्या केल्या त्या वेगाने पाटबंधारे खात्याने काम केलं असतं तर विदर्भात पूर आला असता.

"मग गतिरोधक फोडू."

"खबरदार," बाबा म्हणाले. "त्याच्यानं गल्ली सुरक्षित हाय."

मला वाटलं विक्की चिडेल. माझी कॉलर धरेल. मी मनातून त्यासाठी तयारही होतो, किंबहुना मला ते हवं होतं. पण ज्याच्याकडे स्पोर्ट्स कार असते त्याचा स्वभावही चांगला असतो, हा अन्याय कोणी लक्षात घेत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काही टेन्शन नाई काका. पैसे आले की दुसरे टायर टाकू. तोवर राहू द्या इथंच. दिसून तर मस्त राहिली."

आणि अशा रीतीने, जे झालेलं नाही ते झालं.

विक्की संध्याकाळी येतो. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून डावीकडच्या सीटवर बसतात. काचा वर, एसी चालू, थोडा कोळसा, मग हवा. विक्की स्टिअरिंग धरतो. गाडी उभी असते. खिडकीतून मला ऐकू येतं.

"कुठं चाललो आज काका?"

"उमरेडकडं घे."

"घेतली. ट्रक हाय समोर."

"दाब बे! काढ पुढं!"

मग दोघं हसतात. बाबा त्याला गोष्टी सांगतात. धरणाच्या कॅम्पवर तंबूत अस्वल आलं होतं ती. साहेबाची जीप ढकलत नेली होती ती. मी या माणसाचा मुलगा आहे आणि मला अस्वलाची गोष्ट बंद काचेतून, अर्धी, कळली. अस्वलाचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही. विक्कीला माहीत आहे.

काल मला राहवलं नाही. मी जाऊन काचेवर टकटक केली.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"मलाही बसायचं आहे."

"सीटा दोनच हाय."

विक्की लगेच उतरला. "बस नं गा, तू बस. मी चहा पिऊन येतो." आणि तो आमच्याच घरात, आमच्याच आईच्या हातचा चहा प्यायला गेला.

मी स्टिअरिंगवर बसलो. शेजारी बाबा. समोर कडुनिंब, त्याखाली आमचं फाटक, फाटकाला टेकलेली स्कूटी. मी आरसा नीट केला. दोन्ही हात बरोबर जिथे धरायचे तिथे धरले. इतकी वर्षं पाहिलेलं सगळं आठवलं. घसा साफ केला.

"कुठं घेऊ बाबा?"

बाबांनी सीटबेल्ट लावला. त्यांनी तो विक्कीसोबत कधी लावला नव्हता. डॅशबोर्ड एका हाताने घट्ट धरला, समोर पाहिलं, आणि म्हणाले,

"हळू चालव."

रात्री जेवण झाल्यावर मी त्यांच्या पेपरखाली पुढील कागद ठेवला. मजकूर असा :

प्रति,
मा. श्री. आनंदराव (वडील),
प्रताप नगर, नागपूर.

विषय : मुलगा या पदावरून शेजारी या पदावर आपसी बदली मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये नम्र विनंती करण्यात येते की, अर्जदार हा जन्मतारखेपासून आपल्या आस्थापनेवर मुलगा या पदावर अखंड कार्यरत असून सदर पदावर बढतीची तरतूद आढळून येत नाही. शेजारी या पदास भजी, हास्य व अस्वलाची संपूर्ण गोष्ट अनुज्ञेय असल्याचे अर्जदाराच्या निदर्शनास आले आहे. सबब, अर्जदाराची श्री. विक्की यांच्या पदावर आपसी बदली करण्यात यावी. श्री. विक्की यांचे संमतिपत्र सोबत जोडलेले नाही. बदलीनंतर अर्जदाराचे दोन्ही वेळचे जेवण व वरची खोली पूर्ववत ठेवण्यात यावी, आणि बदलीचा आदेश निघेपर्यंत, अंतरिम दिलासा म्हणून, अर्जदार स्टिअरिंगवर असताना व वाहन स्थिर असताना, आपण एकदा तरी "दाब" असे तोंडी आदेशित करावे, ही विनंती.