रंगाखालचा खांब

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. उभा होतो तोवर लोक मान वर करून बघायचे. आता आडवा आहे, तर माझ्यावर रिकामे डबे ठेवतात.

एका प्राचीन बुद्धमंदिराच्या दारात मी उभा होतो. पायथ्याचं कमळ इथल्याच सुतारानं कोरलं. अंगावरची द्राक्षवेल वाळवंटापलीकडच्या कारागिराची. माथ्यावरचा सिंह समुद्रापारच्या एकानं केला. त्यानं जन्मात सिंह पाहिला नव्हता, म्हणून तो कुत्र्यासारखा दिसतो. तिघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यामुळे भांडणं झाली नाहीत आणि काम वेळेत उरकलं.

मंदिर दाखवणारा वाटाड्या मोठा बेरकी. प्रवासी कुठलेही असोत, माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "ही कला खास तुमच्याकडची बरं का!" सगळेच खूश.

मग मंदिराच्या रंगाऱ्याची लेक तापानं गेली. ती माझ्याभोवती गोल गोल फिरायची. तिच्या आठवणीत त्यानं मला तिच्या फ्रॉकसारख्या निळ्या तैलरंगाचा एक हात दिला. लोकांना ते फार भावलं. कुणाच्या घरी कुणी वारलं, की माणसं त्याला गाठायची, "दादा, आमच्या आजोबांचाही एक हात मारा." कुणाचा हिरवा, कुणाचा पिवळा. मेलेल्यांची आठवण राहिली. माझी वेल मात्र बुजली आणि कमळाचा गोळा झाला. येणारे म्हणायचे, "किती जपलंय यांनी!"

छप्पर गळायचं. माझ्यात मुरलेलं पाणी पूर्वी वाऱ्यावर सुकायचं. आता रंगानं त्याला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती.

शेवटी दुरुस्तीच्या बाई आल्या. रंग उतरवायचं ठरलं आणि काम आलं त्याच रंगाऱ्याकडे. तो लोखंडी पत्रीच्या पात्यानं रंग खरवडत पुटपुटायचा, "ही सुताराची आई... हे शाळेतले गुरुजी..." निळ्यापाशी त्याचा हात थांबला.

"बाई, एवढा राहू द्या. माझ्या लेकीचा आहे."

"काका, तोच लाकडाला चिकटलाय. तो ठेवला तर खांब जाईल. दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. परक्याचा हात नको तिला."

त्यानं पत्री टेकवली. निळा पापुद्रा सुटला आणि त्याच्याबरोबर मीही, मुठीमुठीनं. आत लाकूड नव्हतंच, ओला भुसा होता.

"छप्पर गळत होतं, काका. त्यानंच झालं," बाई घाईघाईनं म्हणाल्या.

"गळलं छप्पर. कोंडलं मी. रंगाऱ्याला रंग शिकवू नका, बाई."

माझ्या जागी सिमेंटचा खांब आला. उरलासुरला मी मागच्या खोलीत आलो. सिंह तेवढा धड आहे, कारण रंगाऱ्याची शिडी तिथवर पोचत नव्हती. म्हातारा अधूनमधून येतो, डबे बाजूला करतो आणि सिंहापाशी बसतो. काम त्यानं सोडलंय.

या खोलीचंही एक कौल सरकलंय. पाणी नेमकं सिंहाच्या कपाळावर पडतं.

परवा एक बाई आली. "दादा, माझ्या मालकांच्या नावानं या सिंहाला तरी एक हात मारा."

"ताई, रंग नको. कुणाला तरी वर चढवून तेवढं कौल सरळ करून घ्या. माझे गुडघे गेलेत."

ती रुसून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन फुलं ठेवून गेली.

मित्रांनो, माझ्यावर माया करणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. तुम्ही अशा एखाद्या मंदिरात गेलात, तर खांबाला हात लावण्याआधी एकदा छपराकडे बघा. फुलं भिजून सिंहाला चिकटलीत. थेंब पडतोच आहे.