सिग्नल गायब होतो

माझ्या घरात एक कॉम्प्युटर आहे. तो जुळवायला मला साडेसात महिने लागले. एमजी रोडवरच्या ज्या राकेशच्या दुकानात तो जोडला, तो राकेश म्हणाला होता, "साहेब, एवढा अभ्यास तर रात्रंदिवस गेम खेळणारी पोरंपण करत नाहीत." तेव्हा माझी छाती फुगली होती. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. बावीस वर्षं झाली. तीन कोटेशन आल्याशिवाय आमच्याकडे झाडूसुद्धा घेत नाहीत, आणि ही खोड संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येते. मिक्सर घ्यायला मी दोन महिने लावले, तोवर आशा, म्हणजे माझी बायको, शेजारणीकडून चटण्या वाटून आणत होती. "तुम्ही लग्नाच्या वेळीसुद्धा तीन स्थळांचा तक्ता केला असणार," असं ती चारचौघांत म्हणते. केला होता, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

कॉम्प्युटर हवा होता तो माझ्या वडिलांना. वाल्मीकनाना. मनमाडला रेल्वेत ड्रायव्हर होते. आता त्या कामाला लोको पायलट म्हणतात, पण नाना स्वतःला ड्रायव्हरच म्हणवून घेतात. छत्तीस वर्षं इंजिन चालवलं, आधी मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी एक्स्प्रेस. आई गेल्यावर मनमाडचं घर बंद करून ते गंगापूर रोडला आमच्याकडे आले. येताना दोन बॅगा, एक स्कूटर आणि इंजिनातली एक शिस्त घेऊन आले.

ती शिस्त अशी. समोर सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात पुढे करून त्याचा रंग मोठ्यानं सांगायचा, आणि शेजारच्या असिस्टंटनंही बघून तोच रंग परत म्हणायचा. एकाची चूक दुसऱ्याला सापडावी, म्हणून. नाना माझ्या गाडीत पुढे बसले की चौक आला रे आला की हात पुढे आणि "लाल!" मी "लाल" म्हणेपर्यंत तो हात खाली यायचा नाही. शेजारचे स्कूटरवाले आत डोकावून बघायचे. मला ओशाळल्यासारखं व्हायचं, पण मी म्हणायचो. न म्हणून करतो काय?

गुढीपाडव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर वेदिकानं, माझ्या मुलीनं, तिच्या लॅपटॉपवर नानांना एक गेम दाखवला. रेल्वे चालवायचा. कुणा हौशी माणसानं त्यात मनमाड ते भुसावळ मार्ग तयार करून टाकला होता. नाना आधी हसले, "पोरांचा खेळ." मग समोर मनमाडचा फलाट आला आणि हसणं थांबलं. कोणत्या बटणानं ब्रेक, कोणत्यानं भोंगा, एवढंच त्यांनी विचारलं. नांदगावपर्यंत गाडी अशी नेली की वेदिका तोंड उघडं ठेवून बघत राहिली. त्या दिवशी रात्रीची आमटी दुसऱ्यांदा गरम करायची वेळ आली तरी ते उठले नाहीत. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

आठवडाभरानं त्यांनी तक्रार केली.

"योगेश, या मशिनीत सिग्नल गायब होतो."

"गायब म्हणजे?"

"म्हणजे नसतोच. आन् मग एकदम जवळ आल्यावर उगवतो. अशानं गाडी कशी चालवायची?"

"मला तर दिसतो, आजोबा," वेदिका म्हणाली.

"तुला आधीच ठावं हाय तो कुठं हाय ते."

मी लगेच मध्ये पडलो. कॉम्प्युटरबद्दल वाचत बसायला मला निमित्तच हवं होतं. दोन संध्याकाळी घालवून मी निदान केलं की लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून लांबचं चित्र उमटायला उशीर होतो. झाडं, खांब, सिग्नल, सगळं उशिरा उगवतं. हे खोटं नव्हे, असं होतंच. मी नानांना ते समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"म्हणजे मशिनीचाच दोष?"

"मशीनचाच. आपण चांगला कॉम्प्युटर जुळवू. एकेक भाग निवडून."

"बरं. फकस्त एक कर. स्क्रीन मोठी घे."

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता येतील. ही त्यांतली एक.

मी तक्ता उघडला. ज्यानं कधी असा कॉम्प्युटर जुळवला नाही त्याला सांगतो, यात प्रत्येक भागाचं दुसऱ्या भागाशी नातं असतं, आणि सासरच्या नात्यांइतकंच ते नाजूक असतं. हा प्रोसेसर घेतला की तोच मदरबोर्ड चालतो. हे कार्ड घेतलं की वीजपुरवठ्याचा डबा मोठा लागतो, आणि कार्ड लांबीला जास्त असलं तर कॅबिनेट बदलायचं. आणि स्क्रीन मोठी घेतली की तेवढं चित्र काढायला कार्ड वरचं लागतं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. म्हणून मी मोठ्या स्क्रीनवर काट मारली. चोवीस इंची पुरे. जेवणाच्या टेबलाशी नानांनी परत विषय काढला, तेव्हा मी म्हणालो, "नाना, त्यातलं तुम्हाला कळत नाही. मोठ्या स्क्रीननं काही होत नसतं, कार्ड महत्त्वाचं." ते "बरं" म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

मे महिन्यात सगळी यादी तयार होती. राकेश म्हणाला, उद्या या, संध्याकाळपर्यंत जोडून देतो. पण त्याच आठवड्यात मी वाचलं की नवीन कार्डं येणार आहेत. नवीन आली की जुनी स्वस्त होतात, हे खरेदी खात्यातल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. थांबलो. नवीन कार्डं आली, पण मिळेनात. मग मेमरी महागली. मग वाटलं, आता श्रावण लागलाच आहे, गणपतीत ऑफर येतील. गणपतीत वाटलं, दसऱ्याला जास्त येतील. वेदिका म्हणाली, "बाबा, आजोबांना एक गेम खेळायचाय. आपण उपग्रह सोडत नाही आहोत." मी तिला घाई म्हणजे काय आणि निर्णय म्हणजे काय यावर एक छोटं भाषण दिलं.

नाना मधूनमधून विचारायचे, "तुझं मशीन कुठवर आलं?" हळूहळू तेही बंद झालं. लॅपटॉपला तर त्यांनी हात लावणं सोडलंच होतं.

ऑगस्टमध्ये त्यांच्या स्कूटरची डावी बाजू सोसायटीच्या गेटला घासली. मी खाली जाऊन वॉचमनला झापलं, गेट अर्धवट का उघडतोस म्हणून. तो बिचारा म्हणत होता, साहेब, पूर्ण उघडं होतं. माझ्या गाडीतही काहीतरी बदललं होतं. चौक आला की नाना आता लगेच बोलायचे नाहीत. मी "लाल" म्हणायचो, मग ते "लाल" म्हणायचे. आधी मी, मग ते. मला वाटलं, म्हातारपणी माणूस मवाळ होतो. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला कॉम्प्युटर घरी आला. आशानं त्याला हळदकुंकू लावलं. मी नानांना खुर्चीत बसवलं आणि मागे उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून. चित्र असं स्वच्छ होतं की रुळांतली खडी मोजावी. मनमाड सुटलं. नाना ताठ बसले होते. नांदगाव गेलं. मी वेदिकाला खुणेनं म्हटलं, बघ, एकदाही अडकलं नाही.

चाळीसगावच्या अलीकडे डाव्या हाताला लाल सिग्नल लागला. मला तो चांगला लांबून दिसला. नाना ब्रेक लावतील म्हणून मी वाट बघत होतो. गाडी त्याच वेगानं चालली होती.

"आजोबा, रेड!" वेदिका ओरडली.

"कुठं?"

तोवर गाडी पुढे निघून गेली होती. गेम थांबला. पडद्यावर पाटी आली की तुम्ही धोक्याचा सिग्नल ओलांडला आहे.

नानांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. मग अगदी हळू म्हणाले, "योगेश, याच्यातबी गायब झाला रे."

वेदिकानं गाडी थोडी मागून पुन्हा सुरू केली आणि सिग्नल दिसेल अशी थांबवली. चोवीस इंचाच्या पडद्यावर तो लालभडक उभा होता.

"नाना, आहे तो. तिथेच आहे."

ते सरळ बघत होते. मग त्यांनी मान डावीकडे वळवली, आणखी थोडी वळवली, आणि ती थांबली. सापडला होता.

"हां," ते म्हणाले. "छत्तीस वर्षांत एकबी रेड पास केला नाय मी." आणि उठून आत गेले. जाताना त्यांनी दाराची चौकट हातानं चाचपली, आणि ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला दोन तास घेतले. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. समोरचं दिसत राहतं, त्यामुळे माणूस स्वतःची समजूत घालत राहतो. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून, लागलं तर शस्त्रक्रिया करून, उरलेली टिकवायची. डाव्या डोळ्यात फारसं काही उरलेलं नव्हतं.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "मार्च-एप्रिलमध्ये आलो असतो तर?"

बाई क्षणभर नानांकडे बघून मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तर त्यातलं बरंचसं वाचलं असतं."

साडेसात महिने. मी कार्डाची वाट बघत होतो. मे महिन्यात राकेशकडे गेलो असतो, तर चांगल्या कॉम्प्युटरवर पहिल्याच दिवशी नानांनी तो लाल सिग्नल ओलांडला असता, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातल्या या खुर्च्यांवर बसलो असतो. खरं तर तेवढंही नको होतं. "मला तर दिसतो, आजोबा," असं माझी पोर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. मी तिचं ऐकलं नाही, कारण माझ्याकडे जास्त हुशार उत्तर होतं.

गाडीत मी नानांवर चिडलो. दुसऱ्या कोणावर चिडणार? "तुम्हाला कळत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "डोळ्याचं बोलायचं नसतं. आमच्यातला एक जण बोलला होता, डोळ्याला पाणी येतं म्हणून. मेडिकल झालं आन् उतरवला इंजिनावरून. शेडमधी फाइली उचलायला लावला. तवापास्नं कोणी डोळ्याचं नावच काढायचं नाय."

"नाना, रिटायर होऊन दहा वर्षं झाली. आता कोण उतरवणार होतं तुम्हाला?"

"तू," ते म्हणाले. "स्कूटरवरून."

ते खरं होतं. मग ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आन् तूच म्हनला ना, मशिनीचा दोष हाय. मला ते पटवून घ्यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी मोठी स्क्रीन आणली. बत्तीस इंची. एकही कोटेशन न घेता, किंमत न विचारता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की तिचा काही उपयोग नाही, उलट कडेचं आणखी कडेला जाईल. तरी आणली. तो खोका अजून माळ्यावर आहे आणि परत करायची मुदतही मी जाऊ दिली.

नानांनी महिनाभर कॉम्प्युटरकडे बघितलं नाही. दिवसातून तीनदा मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतो, घड्याळ लावून, एक मिनिट इकडेतिकडे होऊ देत नाही. स्कूटर मी विकली नाही. खाली झाकून ठेवली आहे.

मागच्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले, "चल, एक फेरी मारू. असिस्टंट पायजे मला."

मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. मनमाड सुटलं. त्यांची बोटं बरोबर जागेवर होती. रुळांचा आवाज ऐकून ते वेग ओळखत होते, वळण यायच्या आत भोंगा वाजवत होते. माझं काम एकच होतं, डावीकडे बघून रंग सांगणं. पहिला हिरवा मी सांगितला. नानांनी हात पुढे करून म्हटलं, "हिरवा." दुसराही सांगितला. तेवढ्यात मी त्यांच्याकडे बघायला लागलो. हात हवेत तयार ठेवून, मान थोडी माझ्याकडे कलती करून, ते माझ्या शब्दाची वाट बघत होते.

"पिवळा," मी घाईनं म्हणालो. तोवर खांब मागे पडला होता.

नानांनी ब्रेक लावला. रागावले नव्हते. नव्या असिस्टंटला शिकवावं तसं म्हणाले, "येळेवर सांगत जा, बाबा. सिग्नल गेल्यावर सांगून काय उपेग?"